खळ्यावरचं भाषांतर

हेलनने हातातला कागद वर धरला आणि म्हणाली, "तुमच्यातले बहुतेक जण गॅम्बियाला पहिल्यांदाच आलेत. दहा मिनिटं नीट ऐका, मग खुशाल पोहायला जा."

हॉटेलच्या व्हरांड्यात आम्ही वीस-बावीस जण वेताच्या खुर्च्यांवर बसलो होतो. समोर समुद्र होता. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये पाऊस आणि बोचरं वारं होतं, आणि इथं नोव्हेंबर संपत आला तरी सकाळी नऊलाच घाम येत होता. हेलन ही सहल कंपनीची तिथली बाई. मी डायरी उघडून ती सांगेल ते लिहून घेत होते. माझ्या शेजारी आप्पा बसले होते, अंगात स्वेटर आणि डोक्याला कानटोपी. दोन्ही काढा म्हणून मी दोनदा सांगून झालं होतं.

"नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलासुद्धा नको," हेलन सांगत होती. "मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. फाटकाबाहेर एकट्यानं फिरू नका. किनाऱ्यावर तरुण मुलं येऊन गप्पा मारतील, गाव दाखवतो म्हणतील. हसून नको म्हणा. कुणाच्या घरी जेवू नका. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. डाव्या हातानं काही देऊ-घेऊ नका. आणि काहीही विचारायच्या आधी समोरच्याची ख्यालीखुशाली विचारा. इथं त्याला महत्त्व आहे."

"काय म्हणती ती?" आप्पांनी विचारलं.

मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"शेवटची दोन तर आपली आईच सांगायची," ते म्हणाले. "आणि बाकीचं सगळं पाळायचं, तर मग आलोय कशाला?"

गेल्या कितीतरी दिवसांत आप्पांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी डायरीत 'डावा हात' असं लिहून त्याखाली रेघ मारत होते.

आमचं गाव कराडजवळ, कोयनेच्या काठाला. आप्पा तालुक्याच्या बीजगुणन केंद्रावर शेती सहायक होते. सरकारी शेतात भुईमुगाचं बियाणं तयार करायचं आणि गावोगाव हिंडून ते शेतकऱ्यांना लावायला शिकवायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. आई गेली तेव्हा मी धावत-पळत गेले, आणि पंधरा दिवसांनी घराला कुलूप लावून आप्पांना लेस्टरला घेऊन आले. मी एकुलती एक. "सत्तर वर्षांचा माणूस एकटा कसा राहणार?" असं मी भावकीतल्या सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांना कुणी विचारलं नाही.

लेस्टरला मी एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर मायक्रोस्कोपमधून लोकांचं रक्त बघायचं. माझं घर छोटं, दोन खोल्यांचं. नवरा, विलास, सहा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला होता. नोकरीसाठी गेलाय, असं मी गावाला आणि आप्पांना सांगितलं होतं. आप्पांनी त्यावर कधी काही विचारलं नाही.

पहिले दोन-तीन महिने आप्पा बोलायचे, हिंडायचे. मग थंडी आली आणि ते हीटरजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. उन्हाळा आला तरी तिथून उठले नाहीत. मी कामावरून आले की "आलीस का?" म्हणायचे, जेवताना "मीठ बरोबर आहे" म्हणायचे, एवढंच. डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही, थोडं ऊन दाखवा. प्रयोगशाळेतली एक मैत्रीण म्हणाली, गॅम्बिया बघ, सहा तासांत पोचतेस आणि थंडीत तिकीट स्वस्त असतं. मी सात दिवसांची सहल घेतली.

आणखी एक कारण होतं. आप्पांना कायमचं माझ्याकडं राहता यावं म्हणून मी त्यांना न सांगताच खटपट केली होती, आणि दोन आठवड्यांपूर्वी त्याला मंजुरी आली होती. चांगल्या जागी, चांगल्या हवेत ही आनंदाची बातमी त्यांना सांगावी, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पहिल्याच दुपारी आप्पा हॉटेलच्या बागेत उकिडवे बसलेले दिसले. तिथल्या माळ्यानं फुलझाडांच्या बुडाला भुईमुगाची टरफलं पसरली होती, ओल टिकावी म्हणून. आप्पांनी त्यातलं एक टरफल उचलून नखानं सोलून बघितलं आणि माळ्यापुढं धरलं.

"युवर?" त्यांनी विचारलं.

"माय फादर्स," माळी म्हणाला, आणि हातानं लांब कुठंतरी दाखवलं. त्याचं नाव केबा. चाळिशीचा, उंच, सावकाश बोलणारा माणूस.

मी आप्पांना खोलीत घेऊन आले. हात साबणानं धुवायला लावले. "ओळखीपाळखी नको, आप्पा. हेलननं सांगितलंय ना?"

"माळी आहे तो," आप्पा म्हणाले. "त्यात काय ओळखीपाळखी?"

तिसऱ्या दिवशी सकाळी माझं पोट बिघडलं. मी सीलबंद बाटलीतलंच पाणी पीत होते, हॉटेलातच जेवत होते, तरी बिघडलं. आप्पांना म्हटलं, तुम्ही खाली जाऊन नाश्ता करा आणि वर या. ते गेले. मला डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि आप्पांचा पलंग तसाच होता.

जेवणघरात नव्हते. बागेत नव्हते. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत बघितलं. शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"तुमचे वडील? ते केबाबरोबर गेले. त्याची आज सुट्टी आहे, तो गावी गेला," तो म्हणाला. "तुमच्यासाठी निरोप दिलाय त्यांनी. 'डॉटर स्लीपिंग. व्हिलेज. पीनट.'"

हेलनला गाठलं. तिनं कपाळाला हात लावला. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "केबा चांगला माणूस आहे, पण माझ्यावर जबाबदारी असते. दुपारपर्यंत वाट बघू या, नाहीतर मग पोलिसांकडं जाऊ."

मला वाट बघणं शक्य नव्हतं. मी मलेरियाचे जंतू रोज काचेवर बघणारी बाई. मला आप्पा कुठल्यातरी झोपडीत तापानं फणफणलेले दिसायला लागले, विहिरीचं पाणी पिताना दिसायला लागले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका टॅक्सीत बसले. ड्रायव्हरचं नाव योरो. त्याला केबाचं गाव माहीत होतं.

रस्ता सुरुवातीला डांबरी होता, मग तांबड्या मातीचा झाला. तासभर लागला. वाटेत गाढवाच्या गाड्या दिसत होत्या, त्यांवर वाळलेल्या वेलांचे भारे. एकदा पोटात कळ आली म्हणून गाडी थांबवायला लागली. योरो झाडाखाली जाऊन पाठ करून उभा राहिला.

गावात शिरल्यावर एका आंब्याच्या झाडाखाली लाकडी माच होता, त्यावर चार म्हातारी माणसं बसली होती. मी खिडकीतूनच ओरडून विचारणार होते, पण योरोनं हात वर केला.

"बाई, आधी खाली उतरा. ख्यालीखुशाली विचारू द्या."

मग तो एकेकाशी हात मिळवून विचारत सुटला. घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, पीक कसं आलं, सकाळ कशी गेली. ते उत्तर देत होते आणि परत त्यालाच तेच विचारत होते. मी उन्हात उभी. मी रडायच्या बेतात होते. शेवटी त्यातल्या एकानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि गावामागं बोट दाखवलं.

"तुमचे वडील खळ्यावर आहेत," योरो म्हणाला. "सकाळपासून भांडतायत म्हणे केबाच्या बापाशी, फोडेशी."

खळं म्हणजे झाडून साफ केलेली मोकळी जमीन, अगदी आमच्याकडं असते तशीच. मधोमध वाळलेल्या भुईमुगाच्या वेलांची उडवी. दोन-तीन माणसं लांब काठ्यांनी वेल झोडत होती, बायका वाऱ्यावर शेंगा उफणत होत्या. आप्पांचा स्वेटर आणि कानटोपी एका खुंटाला टांगलेली. ते बनियनवर होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत काही नाही. त्यांच्यासमोर एक पांढऱ्या दाढीचा, काटकुळा म्हातारा बसला होता. दोघांच्या मध्ये शेंगांचा ढीग. केबा बाजूला चहा उकळत होता.

"आप्पा!"

"ये," ते म्हणाले. "पोट कसं आहे?"

मी जे काय बोलायचं ते बोलले. किती घाबरले, कुठं कुठं शोधलं, एवढंही कळत नाही का. आप्पांनी मान खाली घालून ऐकलं. माझं संपल्यावर त्यांनी बाजूचं एक पोतं घडी करून माझ्यासाठी अंथरलं.

"बस. बरं झालं आलीस," ते म्हणाले. "मला ह्याच्याशी नीट बोलायचंय. हातवारे करून करून दमलो मी. ह्याला विचार, शेंगा तोडायच्या सोडून झोडता कशाला? फुटतात की त्या."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मी बसले. मराठीतला प्रश्न इंग्रजीत केबाला सांगितला, केबानं तो मांडिंका भाषेत आपल्या बापाला सांगितला. फोडेनं उत्तर दिलं, ते तसंच उलटं माझ्यापर्यंत आलं.

"तो म्हणतो, एवढी माणसं कुठून आणू तोडायला? पोरं सगळी शहरात हॉटेलांत कामाला आहेत. आणि वेल इथं कडकडीत वाळतो, झोडला तरी शेंग सहसा फुटत नाही. बघा म्हणतो."

आप्पांनी झोडलेल्या ढिगातून ओंजळभर शेंगा घेतल्या, एकेक निरखली. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. मग हातातली शेंग फोडून दाणे तळहातावर घेतले. "हा पसऱ्या आहे, जमिनीवर पसरणारा. आपल्याकडं पूर्वी असायचा, मग उभा वाढणारा उपट्या आला आणि हा मागं पडला. विचार, पानावर टिक्का पडतो का?"

टिक्क्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. पानावरचे काळे ठिपके, असं मी सांगितलं. फोडेनं लगेच मान हलवली आणि हातानं अख्खं शेत दाखवलं. आप्पा खिन्नपणे हसले, जसं ओळखीच्या माणसाच्या आजाराबद्दल ऐकून हसावं तसं.

असं तासभर चाललं. किती अंतरावर पेरता, पाऊस किती, बैल का गाढव, उंदीर लागतो का. आप्पांच्या गालांवर धूळ बसली होती आणि आवाज चढला होता. मला माझ्या लहानपणचे आप्पा आठवत होते. सायकलवरून येऊन दारातच आईला सांगायचे, अमक्याच्या रानात भुईमुगाला आऱ्या सुटल्या, आता शेंगा धरायला पाऊस पाहिजे. हा माणूस मी चौदा महिने माझ्या घरात ठेवून घेतला होता आणि मला तो एकदाही दिसला नव्हता.

मग केबाच्या बायकोनं मोठी परात आणून मध्ये ठेवली. भात, आणि त्यावर घट्ट तांबूस कालवण. आप्पांनी हात धुतला आणि सगळ्यांबरोबर परातीत घातला. मी काही म्हणायच्या आत पहिला घास तोंडात गेला होता.

"दाण्याची आमटी आहे," ते म्हणाले. "मासळी आहे आत, पण दाण्याचीच आमटी. खाऊन बघ."

मी पोटाचं कारण सांगून नको म्हटलं. केबाच्या बायकोनं हसून मला नुसता भात वेगळा वाढून दिला.

जेवण झाल्यावर छोट्या काचेच्या पेल्यांतून कडू-गोड चहा आला. फोडेनं चहा घेता घेता आप्पांकडं बघत काहीतरी विचारलं.

"माझे वडील विचारतात," केबा म्हणाला, "तुम्ही इथं आलात, तर तुमचं शेत तिकडं कोण बघतं?"

मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी पेला खाली ठेवला.

"सांग त्याला," ते फोडेकडं बघून म्हणाले, माझ्याकडं नाही. "शेत फार नाही राहिलं. घराच्या मागं अर्धा एकर आहे, ते पडीक आहे. घराला कुलूप आहे. मी हिच्याकडं असतो. पोरगी चांगली आहे, मला काही कमी पडू देत नाही. पण तिथं मला सकाळी उठायला काही कारण नाही. खुर्चीत बसतो आणि संध्याकाळ होती. कुणी मला काही विचारत नाही, मी कुणाला काही सांगत नाही. मला घरी जावंसं वाटतं. तिथं बायको नाही आता, ते ठाऊक आहे मला. तरी जावंसं वाटतं."

वारा पडला होता. उफणणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून थांबल्या होत्या. केबा माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, शेत सध्या पडीक ठेवलंय. ते माझ्याजवळ राहतात आणि अगदी सुखात आहेत."

केबानं ते सांगितलं. फोडेनं ऐकलं. त्यानं आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि हळू आवाजात मुलाला काही म्हणाला. केबा अवघडला.

"माझे वडील म्हणतात," तो म्हणाला, "यांचं बोलणं याहून बरंच लांब होतं."

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

मला तेही भाषांतर करून सांगावं लागलं. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मग सांग की सगळं," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. एकेक वाक्य. पडीक शेत, कुलूप, खुर्ची, संध्याकाळ. 'घरी जावंसं वाटतं' हे म्हणताना माझा आवाज गेला, तेव्हा केबानं थांबून मला चहाचा पेला पुढं केला आणि मी घोट घेतल्यावर उरलेलं विचारलं. फोडेनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं आणखी एक प्रश्न विचारला.

"मुलीजवळ तिथं आणखी कोण असतं?"

मी आप्पांना प्रश्न सांगितला. उत्तर मीच देऊ शकले असते. पण विचारलं त्यांना होतं.

"कुणी नाही," आप्पा म्हणाले. "नवरा हिला सोडून गेला. कॅनडाला कसली नोकरी? सहा वर्षांत एक पत्र नाही, एक फोन नाही, कपाटात एक शर्ट नाही. हिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी गेलो तर ही कामावरून येऊन कुणाचं तोंड बघणार? म्हणून बसलोय मी त्या खुर्चीत."

केबा वाट बघत होता.

"कुणी नाही, असं म्हणतात ते," मी म्हणाले.

या वेळीही आप्पांचं बोलणं लांब होतं. पण फोडेनं नुसती मान हलवली आणि शेंगांचा ढीग थोडा माझ्या बाजूला सरकवला. मी शेंगा फोडायला लागले. तिघंही फोडत बसलो.

परतताना टॅक्सीत मी आप्पांना मंजुरीचं सांगितलं.

"कधी आली?"

"दोन आठवडे झाले."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "खटपट केलीस बरीच," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "विलासचं कुणाला तरी सांगितलंस का?"

"नाही."

"एवढी वर्षं?"

"कुणाला सांगू?"

आप्पांनी माझा हात हातात घेतला. शेंगा फोडून फोडून त्यांची बोटं खरखरीत झाली होती. योरोनं आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ बारीक केला. हॉटेल येईपर्यंत मी रडत होते आणि आप्पा माझ्या हातावर थोपटत होते. फाटकात हेलन उभी होती. तिनं टॅक्सीचं दार उघडलं.

उरलेले चार दिवस आप्पा स्वेटरशिवाय फिरले. आम्ही आणखी एकदा फोडेकडं गेलो, या वेळी हेलनला सांगून. पोट बरं झालं होतं, मी परातीत हात घालून जेवले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आप्पांना विमानात बसवून दिलं. उन्हाळी भुईमूग पेरायचा तर महिनाअखेरपर्यंत रान तयार पाहिजे, अशी त्यांची घाई चालली होती. भावकीतले लोक मला बरंच बोलले. म्हाताऱ्या बापाला एकटं धाडलं, म्हणाले. मी कुणाला काही समजावत बसले नाही.

आप्पा त्यानंतर नऊ वर्षं जगले. आधीच्या दहा वर्षांत मी तीनदा गावी गेले होते. त्या नऊ वर्षांत दर वर्षी महिनाभर जात होते. शेवटच्या आजारात मी जवळ होते, हे माझं नशीब.

मधल्या काळात दर रविवारी फोन असायचा. लेस्टरला सकाळचे नऊ, तिकडं दुपार. पहिली दहा मिनिटं रानाची. उगवण कशी झाली, खुरपणीला बाई मिळत नाही, पलीकडच्या रानातनं डुक्कर आलं. मी चहा पीत ऐकायचे. मग ते खाकरायचे आणि म्हणायचे, "आता तुझं सांग."

पहिल्या रविवारी मी थंडीचं आणि कामाचं सांगितलं. आप्पा फोन धरून बसून राहिले. मग मी म्हणाले, "काल संध्याकाळी घरी आले आणि फार एकटं वाटलं, आप्पा."

"हां," ते म्हणाले. "मग?"

मी खुर्ची फोनजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.